बहात्तर लिटर

१

अक्षयाचा दिवस चहाने सुरू होत नसे, घाण ओतण्याने होई. सकाळी साडेसहाला उठायचं, केस वर गुंडाळायचे, पुढच्या पडवीत जाऊन मोठ्या टाकीखालचं दार उघडायचं आणि स्किमरच्या डोक्यावरचा कप फिरवून काढायचा. मग तो मागच्या माडाच्या मुळात उपडा करायचा. "माडाक बरा आसता ता, मीठ आसा ना," असं तिची सासू म्हणायची.

आता स्किमर म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल आणि बोल मला लावाल. डाळ शिजताना वर फेस येतो, तो आपण पळीने काढून टाकतो. बस, त्या पळीचं काम करणारं हे यंत्र. खाऱ्या पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे. माशांची घाण, उरलेलं खाणं, चिकट-तेलकट जे काही पाण्यात विरघळलेलं असेल ते बुडबुड्यांना धरून वर चढतं आणि कपात साचतं. पाण्यात घाणच नसेल तर फेस धरत नाही आणि कप कोरडा राहतो. एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे.

टाकी काही ऐऱ्यागैऱ्याची नव्हती. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, साडेतीन फूट उंच. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतच्या त्यांच्या घरात चार खोल्या पर्यटकांसाठी होत्या. पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या पाहुण्यांना खुर्चीत बसून प्रवाळं बघता यावीत, ही अक्षयाची कल्पना. ती कणकवलीकडची, काजू-भाताच्या घरातली, कॉलेजच्या रसायनशाळेत सहा वर्षं नोकरी केलेली. टाकीचं बांधकाम, पाइप, मोटारी हे सगळं तिच्या नवऱ्याने, दत्तप्रसादने केलं. होड्यांची इंजिनं खोलणारा हात, त्याला काय अवघड! प्रवाळं परवानगीच्या पैदास केंद्रातून दिवाळीआधी यायची होती. तोवर टाकीत फक्त वाळू, खडक आणि समुद्राचं पाणी होतं. एक मासा नाही की एक खेकडा नाही.

आणि तरीही कप रोज काठोकाठ भरत होता. दुपारी तर उतू जाऊन खाली थारोळं करायचा.

२

स्किमर जुना होता, गोव्यातल्या कुणाकडून आणलेला. तोच बिघडला असणार असं अक्षयाने धरलं. पणजीत या सामानाचं दुकान चालवणारी आकांक्षा नावाची बाई होती, तिला फोन लावला.

"किती मासे आहेत मॅडम?" आकांक्षाने विचारलं.

"एकही नाही."

"प्रवाळ?"

"अजून यायचीत."

"मग खायला काय घालताय?"

"काहीच नाही हो. कुणाला घालू?"

पलीकडे आकांक्षा हसली. "मग कप भरणार कशाने? खडकांवरचं काही मेलं असेल. पंधरा दिवसांत थांबेल. पण नवा घ्यायचाच असेल तर दोन सांगते. एक मधला, खालच्या टाकीत बसणारा. तुमच्या पाण्याला पुरेसा. दुसरा मोठा, बाहेर उभा राहणारा, पाच हजार लिटरचा. तो मी सहसा देत नाही. इतकं पाणी साफ करतो की त्यात काही टिकत नाही, प्रवाळंसुद्धा पांढरी पडतात. विचार करून सांगा."

अक्षयाने पंधरा दिवस वाट बघितली. पाण्याची परीक्षा रोज केली. अमोनिया शून्य, म्हणजे आत काही कुजत नव्हतं. मग तिने एकेक कारण खोडायला घेतलं. टाकीवर झाकण टाकलं, म्हणजे फोडणीचा धूर नको. सासूची उदबत्ती देवघरात हलवली. दत्तप्रसादच्या हातांना ग्रीस असतं म्हणून त्याला आठवडाभर टाकीला हात लावू दिला नाही. तो बिचारा "बरा" म्हणाला आणि बाजूला झाला. कप भरतच राहिला.

मग एका सकाळी तिने कप ओतण्याआधी हुंगला. शेवाळाचा वास नव्हता, मासळीचाही नव्हता. घाम, डिझेल आणि विडी. दिवसभर उन्हात होडी हाकून आलेल्या माणसाचा शर्ट भिजत घालावा आणि ते पाणी उकळावं, तसा. छे, काहीतरीच, असं म्हणून तिने कप दोनदा विसळला.

३

दत्तप्रसादबद्दल सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी, मासेमारीबंदी उठल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो एकटा होडी घेऊन गेला आणि खडपाच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या रांगेच्या, बाहेर होडी उलटली. होडी सापडली, तो सापडला नाही. दोन दिवस अख्खी वाडी शोधत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाळूतून चालत घरी आला. पायात चप्पल नव्हती, कपडे कोरडे होते. अंगणात उभा राहून त्याने पाणी मागितलं. सासूने त्याला बघितलं आणि मटकन खाली बसली. अक्षयाने मात्र सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. लाज कसली! गेलेला माणूस परत आला होता.

त्यानंतर तो बदलला. आधीचा दत्तप्रसाद म्हणजे अंगणात बोलला तर तिसऱ्या घरात ऐकू जाणारा. चिडला की ताट सरकवणारा, खुशीत असला की बायकोला सगळ्यांसमोर "अक्षे" म्हणून हाक मारून लाजवणारा. विडी तोंडातून सुटायची नाही. परत आलेला दत्तप्रसाद हळू बोले. विडी सुटली. मासळी खाईना, कोळ्याच्या घरात जन्मून! समुद्राकडे पाठ करून इंजिनं दुरुस्त करी, भांडी घासू लागे, बायकोला पुरत्या नावाने हाक मारी. लोक म्हणाले, माणूस मरणाच्या दारातून आलाय, असं होणारच. अक्षयालाही पटलं. वर्षाने सृष्टी झाली. ती आता तीन वर्षांची होती आणि बापाशिवाय कुणाच्या हातून जेवत नव्हती. अक्षया सुखी होती, खोटं कशाला बोलू? कधीकधी तिला तो आरडाओरडा आठवायचा आणि डोळे भरायचे, तेवढंच.

टाकी भरली त्या दिवशी पाणी आणलं होतं बाबलीकाकाने. दत्तप्रसादचा चुलता. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, म्हणून तो खडपाच्या बाहेरून पिंपं भरून चार फेऱ्यांत घेऊन आला. पाणी पडल्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं हेही त्यानेच ठरवलं. आणि त्याने घातलं ते त्याला येत होतं ते, होडी पाण्यात लोटताना घालतात ते, पाण्यात राहिलेल्याला घरी आण म्हणणारं.

"बा दर्याच्या राजा, आज ह्या लेकरांनी जा मांडल्यानी आसा, ता सुखान चलांदे! चुकला-माकला पोटात घे! आमचा जा कोण माणूस पाण्यात ऱ्हवला आसात, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

अक्षयाला हसू आवरेना. "काका, ह्या होडयेचा गाऱ्हाणा! टाकयेक कित्याक? आणि आमचा कोण ऱ्हवला नाय पाण्यात."

"माका ह्या एकच येता. तुका दुसरा व्हया तर तू घाल," बाबलीकाका म्हणाला. त्यावर सगळे हसले. दत्तप्रसाद पाइप धरून उभा होता. तो "व्हय म्हाराजा" म्हणाला नव्हता, पण दोन्ही हात गुंतलेल्या माणसाकडे कोण बघतं!

४

आकांक्षाने दुसऱ्या फोनवर वेगळाच प्रश्न विचारला. "खालच्या टाकीतलं पाणी वरखाली होतं का? ते चढलं की स्किमर उतू जातो. एक खूण करून बघा."

इथे जरा समजून घ्या. मोठी टाकी नेहमी काठोकाठ भरलेली असते. काठावरून सांडेल ते पाणी पाइपातून खालच्या टाकीत येतं, तिथे स्किमर असतो, आणि मोटार ते पुन्हा वर पाठवते. वर काही बुडवलं की जास्तीचं पाणी खाली येणार. भरल्या बालदीत लोटा बुडवल्यासारखं.

अक्षयाने खालच्या टाकीच्या काचेवर काळ्या पेनाने रेघ मारली आणि पट्टी चिकटवली. सकाळभर पाणी रेघेवर होतं. जेवणं झाली, घर निजलं. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने बघितलं तर पाणी रेघेच्या वर दहा सेंटिमीटर. स्किमर खदखदत होता, कप उतू जात होता. साडेतीनला पाणी परत रेघेवर.

मोटार तुंबत असेल म्हणून तिने मोटार खोलून साफ केली. उडून गेलेलं पाणी भरून काढणारी गोड्या पाण्याची तोटी बंद केली. दुसऱ्या दिवशीही दहा, तिसऱ्या दिवशीही दहा. एक रेषा कमी नाही की जास्त नाही. खालची टाकी एकशेवीस सेंटिमीटर लांब, साठ रुंद. रसायनशाळेत सहा वर्षं काढलेल्या बाईला गुणाकार करायला कितीसा वेळ लागणार?

"बहात्तर लिटर," तिने फोनवर सांगितलं.

"त्या वेळी टाकीत कुणी उतरतं का मॅडम? आमच्याकडे मोठ्या टाकीत माणूस सफाईला उतरला की असंच पाणी चढतं. सत्तर-बहात्तर किलोचा माणूस असेल तर बरोबर एवढंच."

"नाही. कुणी नाही उतरत."

"मग मोजताना काहीतरी चुकतंय."

"हो, तसंच असेल," अक्षया म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने गुणाकार पुन्हा एकदा करून बघितला.

५

चौथ्या दिवशी ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन पडवीत बसली. बाहेर लख्ख ऊन होतं. मधल्या खोलीत दत्तप्रसाद आणि सृष्टी निजले होते, पंख्याची करकर तेवढी येत होती. भुताखेताची ही काय वेळ? अक्षयाला स्वतःचंच हसू आलं. तिने सोबत तांदूळ निवडायला घेतले होते, म्हणजे वेळ वाया जायला नको.

दोन वाजून काही मिनिटं झाली आणि पाइपाचा आवाज बदलला. आधी नुसतं झुळझुळत होतं, ते घळघळ वाहायला लागलं. वरचं पाणी काठावरून घाईने सांडत होतं. झाकण जागच्या जागी होतं. आत खडक होते, निळसर दिवा होता, आणि काही नव्हतं.

मग तिला वाळू दिसली. डाव्या कोपऱ्यात वाळू दबत होती. चटईवर कुणी बसावं तशी, सावकाश. पुढे दोन खळगे पडले. टाचांचे. माणूस गुडघे उभे करून बसला की पडतात तसे. अक्षयाने सूप मांडीवरून खाली ठेवलं. पाण्यातल्या उलट्या प्रवाहाने असं होऊ शकतं, असं ती स्वतःला सांगत होती. मोटार साफ केल्याने जोर वाढला असेल, झोत कोपऱ्यात आपटत असेल.

तेवढ्यात उजवा खळगा मोकळा झाला. त्याच्यावरची वाळू हलकेच आत घसरली, आणि थोड्या वेळाने खळगा परत तिथेच पडला. मग परत मोकळा. परत पडला.

लग्नाआधी दत्तप्रसाद कणकवलीला यायचा तेव्हा डेपोच्या कट्ट्यावर असाच बसायचा. गुडघे वर, आणि उजव्या टाचेने डावी पोटरी चोळत. लग्नानंतरही तेच, अंगणात, वाळूत, कुठेही. "माकडा, नीट बस," म्हणून तिने शंभरदा टोकलं असेल. आणि गेल्या चार वर्षांत एकदाही टोकावं लागलं नव्हतं. हे तिला आत्ता, या खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं.

बाहेर ढग सरकला असावा. ऊन आलं तशी कोपऱ्यातली काच क्षणभर आरपार दिसली, आणि तिथे पाठ होती. रुंद, सावळी, पाण्यात केस वर तरंगणारी मान. ती मान तिच्या दिशेने वळायला लागली. अक्षयाने मान खाली घातली आणि सुपातल्या तांदळांकडे बघत राहिली.

"अक्षया," आतून झोपाळलेला मऊ आवाज आला, "च्या ठेवू काय गो?"

"ठेवा," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि आवाज मात्र नेहमीसारखा निघाला.

६

सासूला, म्हणजे पार्वतीला, तिने दुसऱ्या दिवशी विहिरीवर गाठलं. दत्तप्रसाद सृष्टीला घेऊन अंगणवाडीत गेला होता.

"आये, टाकयेत…"

"ठाव आसा माका," पार्वती कपडे पिळता पिळता म्हणाली. "दुपारी सुकत घालूक जातंय तेवा पडवेतसून जातंय मी. डोळे फुटले नाय माझे."

"कोण आसा तो?"

"तुझो घोव. माझो झील. आणखी कोण ऱ्हवतलो?"

आपला नवरा, तिचा मुलगा. अक्षयाने घराकडे बघितलं. "मगे घरात आसा तो कोण?"

पार्वतीने पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं. "तो अंगणात येवन उभो ऱ्हवलो तेवाच कळला माका. आवशीक कळता गो. माझ्या झीलाक जन्मात पाणी मागून पिऊक येय नाय, आपल्या हातान कळशी उचलून तोंडाक लावी. ह्येना पाणी मागल्यान आणि मी दिलंय. काय करतलंय? दोन दिवस माझी दातखीळ बसलेली. कोण तरी इलो, तेका घरात घेतलंय. मगे तो बरो निघालो. तुका सुख दिल्यान. सृष्टीसारखा चेडू झाला."

"आये, तू माका सांगूक नाय!"

"सांगून तुया काय केलं असतं?"

अक्षयाला सासूचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. तिने पुढचा कपडा उचलून पिळायला घेतला.

"रोज जरा जरा तो वर येता," पार्वती म्हणाली. "काल तू आत गेलंस तेवा झाकण हलला. तो भायर इलो काय हेका जावचा लागतला. दोघांक जागा नाय ह्या घरात. आणि घरातलो हो गेलो काय चेडू कोणाचा, ता तू इचार कर. मी म्हातारी, माका दोगव माझेच. तू ठरय."

७

आकांक्षाचा फोन अकराच्या सुमारास आला. "मॅडम, आमची गाडी उद्या पणजीहून इन्सुलीमार्गे निघतेय, तिकडे येणारच आहे. काय ठरलं? मधला की मोठा?"

अक्षया पायरीवर उभी होती. अंगणात दत्तप्रसाद सृष्टीला मांडीवर घेऊन तिच्या केसांना तेल लावत होता. पोरगी हलत होती, तो "ऱ्हव गो बाय, ऱ्हव" म्हणत होता. त्याने एकदा वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती, अगदी साधी, माणसाची असते तशी. त्याला कळलंय, हे तिला कळलं.

"मोठ्यात खरंच काही टिकत नाही?" तिने विचारलं.

"नाही हो. म्हणून तर म्हणते, मधला घ्या. तुमची टाकी रिकामी आहे."

"मोठा पाठवा," अक्षया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनेच तो जोडला. दत्तप्रसादला हात लावू दिला नाही. माणसाच्या छातीइतकं उंच नळकांडं, टाकीच्या शेजारी उभं. बटण दाबलं आणि त्यात दुधासारखा पांढरा फेस चढायला लागला. पहिल्या दुपारी पाणी रेघेच्या वर सात सेंटिमीटर चढलं. दुसऱ्या दुपारी चार. कप काळ्या, दाट घाणीने भरला आणि घरभर विडीचा वास सुटला. पार्वती त्या दिवशी जेवली नाही. देवघरात भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

तिसऱ्या दुपारी अक्षया खुर्ची घेऊन बसली. पळून जाणं तिला बरोबर वाटेना. निदान समोर बसावं. वाळू दबली ती नीट दबलीच नाही, मुलाने बोट फिरवावं एवढीच. खळगे धरेनात. मग काचेवर आतून टकटक झाली, दोनदा. उशीर झाला की तो मागच्या दारावर वाजवायचा तशी, सासू उठू नये म्हणून हलक्या हाताने. आणि अक्षया रागावत, पुटपुटत जायची आणि दार उघडायची. एकदाही तिने त्याला ताटकळत ठेवलं नव्हतं.

"नको रे," ती म्हणाली. "नको वाजवू."

पुन्हा दोनदा झाली.

तिने उठून हवेची चावी शेवटपर्यंत उघडली. यंत्राची घरघर एवढी वाढली की मग दुसरं काही ऐकू आलं नाही. ती तिथेच जमिनीवर बसून तोंडात पदर कोंबून रडली, बराच वेळ. तीनला पट्टी बघितली. एरवी या वेळी पाणी चढलेलं असे. पाणी रेघेवर होतं. मग तिने तोंड धुतलं आणि सृष्टीला उठवायला आत गेली. पोरगी बापाच्या दंडावर डोकं ठेवून निजली होती, आणि तो जागा होता. तिची वाट बघत.

"झाला?" त्याने विचारलं.

"झाला," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी आडवी झाली.